गाईड कोणत्या बाजूनं झिजतं

६ जानेवारी, सोमवार. केशोरी

फाट्यावरच्या अंजूनं आज मला सांगितलं की माझ्या ट्रॅक्टरची व्हॉल्व्ह गाईड झिजली आहेत. मला! उदेभान रहांगडालेला! एकतीस वर्षं आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवून मागच्या वर्षी रिटायर झालो, गावी आलो, आणि माझ्याच हाताखालून गेलेली पोरगी चिंधीला हात पुसत म्हणते, "सर, वॉल गाईड गेले जी. पिस्टनच्या रिंगा चांगल्या आहेत."

वॉल! दोन वर्षं घसा कोरडा केला होता, व्हॉल्व्ह म्हणा रे, व्हॉल्व्ह म्हणा. तरी वॉल ते वॉलच.

मी विचारलं, हेड न उघडता तुला कसं कळलं बाई? अंगात आलं का? तर म्हणाली, "सकाळी पहिल्या स्टार्टले निळा धूर मारते, मंग साफ होते. लोडवर धूर नाही. रिंगा गेल्या असत्या तर लोडवर मारला असता. उभ्या गाडीत तेल गाईडातून खाली झिरपून राहिले, सर." हेड गोंदियाला पाठवून नवी गाईड बसवून आणावी लागतील म्हणे. चिखलणीच्या आधी करून घ्या म्हणे.

समजलो. आजकालच्या गॅरेजवाल्यांची हीच रीत आहे. नुसता हॉर्न वाजत नाही म्हणून गेलात तरी इंजिन उतरवायला सांगतात.

ही अंजू कापगते म्हणजे आमच्या ट्रेडची पहिली मुलगी. तेव्हाच सगळ्यांनी डोक्यावर चढवून ठेवली होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हिनं नमुन्याच्या हेडचे बाकाला आवळलेले चारही बोल्ट सोडले, हेड फिरवलं आणि मग मोजायचा डायल लावला. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. साधनांशी छेडछाड म्हणून मी पाच गुण कापले. तरी पास झाली.

७ जानेवारी

सकाळी मुद्दाम पाहिलं. स्टार्ट केल्यावर निळा धूर निघतो, मग साफ होतो. त्यात काय मोठं? थंडी आहे.

गाईड म्हणजे काय, हे या वहीलाच सांगतो, कारण गावात कुणाला सांगून उपयोग नाही. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, बसवलेली लोखंडी नळी. तिच्यात व्हॉल्व्हची दांडी वरखाली होते. नळी झिजली की दांडी सैल पडते आणि वरचं तेल खाली गळतं. माझ्या ट्रॅक्टरला दोन सिलिंडर, म्हणजे चार व्हॉल्व्ह, चार गाईड. झिजली की नाही हे धुराकडे पाहून ठरत नाही, मोजून ठरतं. माझ्याकडे डायल गेज आहे, स्वतःच्या पैशानं घेतलेला, मखमलीच्या डबीत. या अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवा.

दुपारी घनश्याम आला. हा पण माझाच विद्यार्थी, अंजूच्या बऱ्याच आधीचा. बाजार चौकात त्याचं गॅरेज आहे. पायाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, आप तो आप हो. तुमच्या गाडीले ती पोरगी हात लावते, हे पाहून आमाले वाईट वाटते." पोरगा वाया गेलेला नाही. एवढ्या वर्षांनी गुरूची किंमत ठेवणारा हा एकच निघाला.

मग हळूच सोसायटीचा विषय काढला. आमच्या धान सोसायटीचे तीन ट्रॅक्टर आहेत, ते गावाला भाड्यानं देतात. त्यांच्या वर्षभराच्या दुरुस्तीचं काम कुणाला द्यायचं ते पंधरा तारखेला ठरणार आहे. अर्ज दोनच आलेत, अंजूचा आणि घनश्यामचा. सचिव केवलरामनं तांत्रिक मत माझ्याकडे मागितलं आहे. घनश्याम म्हणाला, "मी काही म्हनत नाही गुरुजी. तुमी जे खरं आहे ते लिहा." आणि पुन्हा पायाला हात लावला.

९ जानेवारी

हेड उतरवलं. शेजारचा टेकचंद मदतीला आला होता. नाव मदत, काम तोंडाचं. "मास्तर, हे का करून राहिले जी? गाडी तर चालू होती." मी म्हणालो, चालू गाडीचंच मोजतात, बंद गाडीचं काय मोजायचं? तो म्हणाला, "मले वाटलं बिघडल्यावर उघडतेत." यांना सांगायचं तरी किती?

मागच्या ओसरीत भिंतीला लागून बाक आहे. त्यावर पोतं टाकून हेड भिंतीच्या लांबीनं ठेवलं. आयटीआयतही नमुन्याचं हेड असंच होतं, भिंतीला लागून, लांबीनं, बोल्टनं आवळलेलं. डावीकडे गेजचं चुंबकाचं स्टँड. एकतीस वर्षं त्याच जागी ठेवत आलो. डोळे मिटून ठेवीन.

सत्यभामेनं पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या मिरच्या कुठी वाळू घालू आता?" बायकोला इंजिनाचं काही नाही, मिरच्यांचं आहे.

१० जानेवारी

मोजलं.

स्प्रिंगा काढल्या, गाईड रॉकेलनं धुतली, आतून ब्रश फिरवला. व्हॉल्व्ह बोटभर वर उचलायचा, डायलचं टोक दांडीला लावायचं आणि व्हॉल्व्ह हलवून पाहायचा. काटा पंधरा घरांच्या आत राहिला तर गाईड चांगलं. पंधराच्या पुढं गेला तर बदलायचं. यात अंगात यायची गरज नाही.

पहिला पाच. दुसरा सहा. तिसरा चार. चौथा सहा.

पुन्हा एकदा मोजलं. तेच. टेकचंदला बोलावून काटा दाखवला. म्हणाला, "घड्याळच आहे की जी." मी म्हणालो, सहा दिसतात का? म्हणाला, "सहा वाजले नाही अजून."

काही हरकत नाही. विज्ञानाला साक्षीदार लागत नाही. गाईड ठणठणीत आहेत. पोरगी खोटं बोलली. अज्ञानानं बोलली असती तर मी माफही केलं असतं, पण ती ठासून बोलली. माझ्याशी हे करते तर सोसायटीच्या ट्रॅक्टरांचं काय करील? गरिबांची गाडी उघडून हेडच्या हेड गोंदियाला पाठवत बसेल.

१२ जानेवारी, रविवार

सोसायटीसाठी मत लिहून काढलं. एक पान. "सदर गॅरेजधारक यांनी निदान करताना मापन न करता अंदाजाचा अवलंब केला असून, मी स्वतः केलेल्या मापनात त्यांचे निदान पूर्णतः चुकीचे आढळले." भाषा चांगली जमली. घनश्यामविषयी लिहिलं की तो अनुभवी आहे आणि वरिष्ठांचा सल्ला घेतो.

सत्यभामेनं वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या पोरीच्या पोटावर कायले पाय देता जी?"

मग तिनं सगळं पुराण सांगितलं. अंजूचा सासरा गोवर्धन म्हणे म्हणून राहिला की सोसायटीचं काम मिळालं तर गॅरेज ठेव, नाही तर फेब्रुवारी संपला की शटर खाली. नवरा कैलाश नागपूरला कंपनीत आहे. मग तिनं तिथं जाऊन खोलीत स्वयंपाक करायचा. सहा वर्षं लागली तिला ते गॅरेज उभं करायला.

मी म्हणालो, त्याचा गाईडशी काय संबंध? गाईड झिजलं असतं तर झिजलं लिहिलं असतं. मी काय कुणाच्या शटरकडे पाहून काटा वाचू?

"तिनं कधी तुमाले उलट उत्तर देल्लं का?" सत्यभामेनं विचारलं.

दिलं ना! गाईड गेले म्हणाली, हे उलट उत्तर नाही तर काय आहे?

१५ जानेवारी

सोसायटीची सभा. बारा मेंबर, शिवाय पंधरावीस फुकटचे. केवलरामनं माझं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचनात त्यानं "मापन"चं "मानपान" केलं, पण अर्थ पोचला.

अंजू मागं उभी होती. सासराही आला होता, दाराजवळ तंबाखू मळत. पत्र संपल्यावर केवलरामनं विचारलं, अंजूबाई, तुमाले काही म्हनायचं आहे का? मला वाटलं रडेल, नाही तर भांडेल. तिनं एवढंच विचारलं, "सर, कोन्या बाजूनं मोजलं जी?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "व्हॉल्व्हला काय समोरची बाजू, मागची बाजू असते? तो काय म्हैस आहे? गोल असतो तो. गोल वस्तू कुठूनही मोजा, सारखीच."

सगळे हसले. घनश्याम तर मांडीवर थाप मारून हसला. अंजू मात्र माझ्याकडे पाहत राहिली. विद्यार्थी चुकल्यावर मास्तर पाहतो तसं काहीतरी पाहणं होतं ते. उर्मटपणा, दुसरं काय! मग "बरं जी" म्हणाली आणि निघून गेली. काम घनश्यामला मिळालं. बाराच्या बारा हात वर झाले.

घरी येताना बरं वाटायला हवं होतं. चहा कडू लागला. सत्यभामेनं साखर कमी टाकली असणार, मुद्दाम.

१६ जानेवारी

घनश्याम तिळाचे लाडू घेऊन आला. सत्यभामेनं एकालाही हात लावला नाही. मी चार खाल्ले.

२० जानेवारी

हेड बसवलं. नवं गॅस्केट, नटबोल्ट मापात आवळले, टॅपेट सेट केले. असं काम आता कंपनीतही होत नाही.

२१ जानेवारी

सकाळी स्टार्ट केला. निळा धूर.

ऑइलच भेसळीचं असणार. हल्ली सगळंच भेसळीचं आहे.

२३ जानेवारी

ऑइल बदललं. सकाळी पुन्हा तेच. टेकचंद कुंपणावरून म्हणाला, "मास्तर, मच्छर गेले बापा सगळे." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. अडाण्याच्या तोंडी कोण लागतं?

२५ जानेवारी

गाईड चांगली आहेत, ऑइल चांगलं आहे, मग उरल्या रिंगा. घनश्यामला बोलावलं. तो लगेच म्हणाला, "हो गुरुजी, रिंगाच. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होतं." मनात होतं तर तोंडात का आलं नाही, हे मी विचारलं नाही. माणूस आदरानं बोलतो, तेवढं पुरे. त्यानं पोरांकडून हेड पुन्हा उतरवलं, पिस्टन काढून आपल्या गॅरेजला नेले.

नहराला पाणी सुटलं. धानाच्या बांधीत पाणी भरून उभं आहे. सगळ्यांच्या चिखलण्या सुरू झाल्या आणि माझा ट्रॅक्टर अंगणात पोट फाडून पडला आहे.

२८ जानेवारी

नव्या रिंगा बसल्या. आज सकाळी स्टार्ट केला. सत्यभामा अंगणात सडा टाकत होती, ती खोकत घरात गेली.

घनश्यामला फोन केला. म्हणाला, "गुरुजी, रिंगा बसायले टाइम लागतो. पंधरा दिवस चालवा, बंद होईन." मी विचारलं, जुन्या रिंगा कशा निघाल्या? तर म्हणे, "चांगल्याच होत्या जी, पन टाकून देल्ल्या." चांगल्या होत्या तर बदलल्या कशाला रे? तर म्हणे, "तुमीच म्हनलं ना गुरुजी."

गाढवाला शिकवलं मी. लाडू आणतो म्हणून काय झालं?

सत्यभामा बाजारातून बातमी घेऊन आली. अंजूनं लोकांच्या गाड्या परत द्यायला सुरुवात केली आहे. नवं काम घेत नाही. लेथवाल्याला गॅरेजातलं मशीन विकायचं विचारून राहिली. "खूश झाले का?" सत्यभामेनं विचारलं.

मी काय कुणाचं मशीन विकायला सांगितलं होतं?

३१ जानेवारी

आता माझ्या लक्षात आलं. घनश्यामनं हेड उतरवताना नाही तर चढवताना आपटलं असणार. पोरं कामाला ठेवतो, त्यांना हेड आणि पाटा-वरवंटा यात फरक कळत नाही. माझी चांगली गाईड त्यानं बिघडवली. उघडून मोजतो आणि त्याच्या तोंडावर आकडे फेकतो. टेकचंदनं पुन्हा हात लावला. या वेळी काही बोलला नाही. तो गप्प बसला की जास्तच राग येतो.

हेड बाकावर, पोत्यावर, जसं असतं तसं ठेवलं. स्प्रिंगा काढून व्हॉल्व्ह धुतले. कंबर धरली म्हणून मोजणं पुढं ढकललं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी ओसरीत गेलो तर हेड फिरलेलं! लांबीनं ठेवलं होतं, ते आता आडवं, एक टोक भिंतीकडे, एक टोक माझ्याकडे. सत्यभामेला हाक मारली. ती म्हणाली, "भिंतीतून मुंग्या निंगाल्या, माझ्या मिरचीच्या पोत्यात गेल्या. झाडू माराले जागा पाह्यजे होती, तर खालचं पोतं ओढलं. फिरलं तुमचं धूड. मोडलं तर नाही ना?"

मी तिला बरंच बोललो. ते लिहीत नाही. कंबर अजून वाकत नव्हती, हेड परत सरळ करणं शक्य नव्हतं. मग म्हणालो, असू दे. गोल वस्तू कुठूनही मोजा. स्टँड त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं, डावीकडे, आणि पहिला व्हॉल्व्ह उचलून हलवला.

काटा अठ्ठावीसवर गेला.

दुसरा चौतीस. तिसरा सव्वीस. चौथा चौतीस.

माझ्या तोंडातून घनश्यामच्या आईचा उद्धार निघाला. आपटलं, नक्की आपटलं! फोन उचलला. मग वाटलं, आधी नीट मोजू, सगळं एकदा जागेवर आणून. टेकचंदला हाक मारली आणि दोघांनी हेड लांबीनं केलं. मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहा.

टेकचंद म्हणाला, "सुधरलं का जी?"

मी म्हणालो, फिरव. आडवं केलं. चौतीस. फिरव. सहा. फिरव. चौतीस. पाचव्यांदा फिरवताना टेकचंद म्हणाला, "मास्तर, पूजा आहे का हे?" आणि मला घाम फुटला. फेब्रुवारीत.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा झुलता हात, व्हॉल्व्हच्या डोक्यावर नुसता दाबत नाही. दाबता दाबता बाजूला ढकलतो. रॉकर ज्या आसावर झुलतो तो हेडच्या लांबीनं असतो, म्हणून धक्का नेहमी आडवा. मिनिटाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षं, एकाच दिशेनं. नळी अंड्यासारखी लांबट होते. लांबीनं हलवलं तर दांडी घट्ट, आडवी हलवली तर खुळखुळा. हे मला माहीत नव्हतं का? मी फळ्यावर लिहीत होतो! अंडाकार झीज, कारणे लिहा, चार गुण! दरवर्षी विचारत होतो! आणि वर्गातून उठून शेजारच्या वर्कशॉपमध्ये जाऊन भिंतीला लागून आवळलेल्या हेडवर, जिथून फक्त एकाच बाजूनं मोजता येत होतं, तिथून मोजायला शिकवत होतो. एकतीस वर्षं.

एक पोरगी होती जिनं बोल्ट सोडले.

सत्यभामा दारात उभी होती. म्हणाली, "काय झालं जी? चेहरा काऊन असा?" मी म्हणालो, काही नाही. कंबर दुखते.

३ फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

४ फेब्रुवारी

केवलरामसाठी पत्र लिहायला बसलो. पहिलं असं: "काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे मापनात किंचित तफावत..." फाडलं. किंचित? सहाचे चौतीस म्हणजे किंचित?

दुसरं असं: "अनवधानाने..." अनवधान एकदा होतं, एकतीस वर्षं होत नाही. तेही फाडलं.

तिसऱ्यात घनश्यामला चार शिव्या घातल्या होत्या. सत्यभामेला सगळं सांगितलं, शेवटी सांगावंच लागलं, आणि ते पत्र वाचून दाखवलं. तिला वाटलं असतं तर आज माझी चामडी सोलली असती. तिनं फक्त विचारलं, "यात घनश्यामचा का दोष आहे जी? तुमी जे शिकवलं ते तो करून राहिला."

घनश्याम लुच्चा आहे. पण तिचं म्हणणं बरोबर आहे. ते बरोबर आहे याचाच मला जास्त राग आला.

चौथं पत्र तीन ओळींचं झालं. "माझी मोजण्याची पद्धत चुकीची होती. अंजू कापगते यांचे निदान बरोबर होते. माझे १२ जानेवारीचे मत मी मागे घेतो." खाली सही.

७ फेब्रुवारी

सकाळी पत्र घेऊन केवलरामकडे गेलो. त्यानं वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाला, "सर, हे पेटीत ठेवू का? कोनाले कायले दाखवायचं? ठराव तर झाला."

माझ्या मनात आलं, ठेव. खरं लिहितो, मनात आलं. पेटीत ठेवलं तर माझं लिहून झालं आणि गावाला कळलंही नाही. तीन पावलं दाराकडे गेलोसुद्धा. मग सभेतलं हसणं आठवलं. मी हसवलं होतं त्यांना. म्हैस म्हणालो होतो.

परत फिरलो आणि म्हणालो, मेंबरांना बोलाव. आणि हेड आणायला गाडी पाठव.

दुपारी सोसायटीच्या आवारात टेकचंदच्या बैलगाडीतून हेड आलं. नऊ मेंबर जमले, बाकी धान घेऊन आलेले शेतकरी. अंजू नव्हती. कैलाशनं खोली पाहिली होती, ती पाहायला नागपूरला गेली होती. सासरा गोवर्धन मात्र होता, दाराजवळ, तंबाखू मळत. केवलरामनं पत्र वाचलं. या वेळी एकही शब्द चुकला नाही.

मग मी ओट्यावर हेड ठेवून दोन्ही बाजूंनी मोजून दाखवलं. ज्याला यायचं त्यानं येऊन काटा पाहिला. सहा. चौतीस. गोवर्धनलाही बोलावलं. त्यानं व्हॉल्व्ह स्वतः हलवून पाहिला, दोनदा, आणि परत जाऊन बसला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

टेकचंद पुढं आला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याला खरोखर कळायचं होतं. म्हणाला, "मंग मास्तर, तुमी एकतीस वर्ष पोरायले चुकीचंच शिकवलं का जी?"

सगळं आवार ऐकत होतं. वजनकाट्यावरचा हमालही थांबला.

मी "हो" म्हणालो.

केवलराम म्हणाला, मागचा ठराव सरांच्या कागदावर उभा होता, कागद मागं घेतला, आता पुन्हा हात वर करा. नवापैकी आठ हात अंजूसाठी वर झाले. गोवर्धन उठला, तंबाखू थुंकला आणि बाहेर जाऊन फोन लावला. "पोरी, मशीन इकू नोको," एवढंच मला ऐकू आलं.

घरी आलो. सत्यभामेनं जेवायला वाढलं. दुसऱ्यांदा भाजी वाढली, मागितली नसताना.

१० फेब्रुवारी, सोमवार

अंजू परत आली. बैलगाडीतून हेड तिच्या गॅरेजला नेलं. मी सवयीनं सरळ आत शिरलो आणि टॉर्च उचलला. ती म्हणाली, "सर, तुमी बाहेर बसा. आत गिऱ्हाईकाले येऊ देत नाही मी."

मला! एकतीस वर्षं... जाऊ दे.

बाहेर बाकड्यावर बसलो. शेजारी पंक्चर काढायला आलेला एक माणूस होता, तो म्हणाला, "नंबर लावला का काका?" मी म्हणालो, लावला.

तासाभरानं ती बाहेर आली. चारही गाईड बदलावी लागतील, आजच गोंदियाला पाठवते म्हणाली. चिखलणी उशिरा होईल, पण होईल. मी मनात दोन वाक्यं जुळवून आणली होती. सभेत जे बोललो त्याबद्दल. पहिलं वाक्य अर्धं झालं असेल तर ती म्हणाली, "ते राहू द्या सर. तुमच्या पोरायचं का?"

कोणत्या पोरांचं?

"तुमी शिकवलेल्या जी. आमगावले आहेत, देवरीले आहेत, साकोलीपर्यंत आहेत. सारे तुमच्यासारखंच मोजून राहिले. मी दोघातिघायले सांगून पाह्यलं. ते म्हनतेत, सरांनी असं शिकवलं, तू कोन सांगनारी?" मग हातातला पाना खिशात घालून म्हणाली, "माझं ऐकत नाही ते. तुमचं ऐकतीन."

आणि आत निघून गेली.

बाकड्यावर बसल्या बसल्या मोबाइल काढला. रिटायर झालो तेव्हा पोरांनी निरोप समारंभ केला होता, त्या दिवशी सगळ्यांचे नंबर घेतले होते. दोनशे सत्तेचाळीस निघाले. यातल्या निम्म्यांचे चेहरे आठवत नाहीत, पण मी शिकवलेलं त्यांना बरोबर आठवत असणार.

पहिला फोन घनश्यामला लावला. तो रागात होता, काम गेलं होतं त्याचं. तरी "बोला गुरुजी" म्हणाला. मी म्हणालो, घनश्याम, गाईड आडवं मोजायचं असतं. लांबीनं नाही. मी चूक शिकवलं.

तो म्हणाला, "आडवं म्हणजे कसं, गुरुजी?"

खरंच माहीत नव्हतं त्याला. मग मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.